रहीमसाहेबांची शाळा

चरित्रलेख म्हटला की आपल्या वार्षिकांकात एखादा संत, समाजसुधारक किंवा साहित्यिक ठरलेलाच असतो. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण यंदा मी एका शाळामास्तराविषयी लिहायचे ठरवले आहे. या मास्तरांनी एकही ग्रंथ लिहिला नाही, सभा गाजवली नाही, तुरुंगवास भोगला नाही. त्यांनी फक्त मुलांना फुटबॉल शिकवला. परंतु भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाने आशियाई क्रीडास्पर्धांत आजवर जी दोन सुवर्णपदके मिळवली, ती दोन्ही त्यांच्या हाताखाली मिळाली. आणि ऑलिंपिकमध्ये भारत एकदाच उपांत्य सामन्यापर्यंत पोहोचला, तोही त्यांच्याच हाताखाली. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. सारे भारतीय फुटबॉल त्यांना रहीमसाहेब म्हणत असे.

२०२४ साली त्यांच्यावर ‘मैदान’ नावाचा हिंदी चित्रपट निघाला. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांना हे नाव आता परके राहिलेले नाही. चित्रपटात अर्थातच नायक हवा असतो, आणि नायक म्हटला की त्याच्या हाती थोडी जादू आलीच. त्या काळच्या खेळाडूंच्या बोलण्यातही रहीमसाहेब पुष्कळदा जादूगार म्हणूनच येतात. मला मात्र त्यांचे चरित्र वाचताना जादू कुठेच दिसली नाही. दिसला तो एक मास्तर, वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगासुद्धा गणितात पास झाला पाहिजे असा हट्ट धरणारा. माझ्या मते त्यांचे सगळे मोठेपण या हट्टात आहे, आणि त्यांच्या पश्चात जे झाले त्याचे मूळही तिथेच शोधावे लागते.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. ते उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. आम्हा मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना हे नाव दूरचे वाटू नये. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता आणि आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतली जी मुले उच्च शिक्षणाची वाट धरत, त्यांतली कितीतरी या उर्दू माध्यमाच्या विद्यापीठातून शिकून आली. रहीमसाहेब विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळले. खेळाडू म्हणून त्यांचे नाव देशभर झाले असे नाही. पदवीनंतर त्यांनी शिक्षकाची नोकरी धरली. काचीगुडा, दारुल उलूम, चादरघाट अशा हैदराबादच्या निरनिराळ्या शाळांत त्यांनी शिकवले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि मरेपर्यंत त्या पदावर राहिले.

सचिवपद म्हणजे आपल्याकडे सहसा खुर्ची, शिक्का आणि वार्षिक सभेचे चहापान. रहीमसाहेबांनी त्या पदावरून काय केले पाहा. त्यांनी हैदराबादच्या पोरांसाठी चमत्कारिक वाटतील अशा स्पर्धा सुरू केल्या. एका स्पर्धेत चेंडू घेऊन पळायला, म्हणजे ‘ड्रिबल’ करायलाच मनाई. चेंडू पायाशी आला की तो लगेच सोबत्याकडे गेला पाहिजे. दुसऱ्या एका स्पर्धेत मुलांनी आपल्या कच्च्या पायानेच खेळायचे. उजव्या पायाचा तरबेज असेल त्याने डाव्याने. तिसरी स्पर्धा ठराविक उंचीपेक्षा बुटक्या मुलांची, कारण धिप्पाड मुलांच्या गर्दीत चपळ पण लहानखुऱ्या मुलाला चेंडूच मिळत नाही हे त्यांनी हेरले होते. या स्पर्धांचा विचार करताना मला पुन्हा पुन्हा जाणवते की असले नियम हाडाच्या शिक्षकालाच सुचावेत. व्याख्यान देऊन मुलाची खोड जात नाही. ती खोड चालणारच नाही असा खेळ मांडावा लागतो. हैदराबादचे खेळाडू एका स्पर्शात चेंडू पुढे देण्यासाठी आणि दोन्ही पायांनी खेळण्यासाठी पुढे देशभर नावाजले गेले, त्याची पेरणी या गल्लीतल्या स्पर्धांत झाली होती.

१९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षण त्यांच्याकडे आले. पोलीस कारवाई होऊन हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. शहरातल्या जखमा अजून ओल्या होत्या. अशा काळात त्या शहराचा पोलीस संघ मुंबईला आला आणि त्याने रोव्हर्स चषक जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे रोव्हर्स चषक मुंबईहून हैदराबादला जात राहिला. १८९१ साली सुरू झालेल्या या जुन्या स्पर्धेत हा पराक्रम विलक्षणच होता. कूपरेजच्या मैदानावर मुंबईकरांनी या संघाला डोक्यावर घेतले. फुटबॉल म्हणजे कलकत्ता, असे समीकरण तोवर पक्के झाले होते. त्या समीकरणाला पहिला जोराचा धक्का दख्खनच्या या पोलिसांनी दिला.

आता राष्ट्रीय संघाकडे वळू. स्वतंत्र भारताचा संघ १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरला तेव्हा बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. फ्रान्सकडून २–१ असा निसटता पराभव झाला, दोन पेनल्टी वाया गेल्या. पण अनवाणी पायांचे कौतुक इतके झाले की त्या कौतुकातच आपण रमलो. १९५० च्या विश्वचषकासाठी प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतल्यामुळे भारत पात्र ठरला होता, तरी आपला संघ ब्राझीलला गेला नाही. अनवाणी खेळायला परवानगी नव्हती म्हणून तो गेला नाही, ही कथा ऐकायला गोड असली तरी तेवढ्यावर विसंबू नये. लांबचा प्रवास, तयारीचा अभाव आणि विश्वचषकाचे महत्त्व न ओळखणे अशी कारणेही सांगितली जातात.

१९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. रहीमसाहेब संघाचे प्रशिक्षक होते, सैलेन मन्ना कर्णधार. इंडोनेशिया आणि अफगाणिस्तान यांना प्रत्येकी ३–० असे हरवून भारत अंतिम सामन्यात आला आणि मेवालालच्या एकमेव गोलवर इराणला हरवून सुवर्णपदक मिळाले. यजमानांनी पहिलेच पदक जिंकले, सगळीकडे आनंदीआनंद झाला.

आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकी आले.

१५ जुलै १९५२. प्रतिस्पर्धी युगोस्लाव्हिया. फिनलंडची थंडी, ओलसर हिरवळ, आणि आपल्या बहुतेक खेळाडूंच्या पायांत बूट नाहीत. भारत १०–१ असा हरला. आपला एकमेव गोल अहमद खानने केला. दहा गोल! आपल्या राष्ट्रीय संघाच्या इतिहासातला हा काळा दिवस पुष्कळ लेखांत एका ओळीत उरकला जातो, कारण त्याविषयी बोलायला कोणालाच आवडत नाही. मला मात्र रहीमसाहेबांच्या आयुष्यात हा दिवस सुवर्णपदकाच्या दिवसापेक्षा मोठा वाटतो. नापासाचा निकाल लागल्यावर काही शिक्षक पेपर अवघड होता म्हणतात, काही मुले मठ्ठ आहेत म्हणतात. रहीमसाहेबांनी अभ्यासक्रमच बदलला. या पराभवानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले, हा एक भाग झाला. दुसरा भाग संघाच्या मांडणीचा. त्या काळी आपल्याकडे जुन्या इंग्रजी पद्धतीची मांडणी चाले. बचावात दोन-तीन जण, पुढे पाच जणांची फळी, आणि ज्याची त्याची जागा ठरलेली. युरोपात हंगेरीच्या संघाने सेंटर फॉरवर्डला मागे खेचून खेळवायला सुरुवात केली होती. त्याच्या पाळतीवर असलेला बचावपटू त्याच्यामागे धावत आपली जागा सोडी आणि त्या रिकाम्या जागेत इतर घुसत. १९५२ चे ऑलिंपिक सुवर्णपदक याच हंगेरीने जिंकले आणि १९५३ मध्ये लंडनला जाऊन इंग्लंडला ६–३ असे हरवले. रहीमसाहेबांनी या नव्या विद्येचा अभ्यास केला आणि ती आपल्या मुलांच्या अंगी बाणवण्याचे प्रयोग आरंभले. मागे चार, मध्ये दोन आणि पुढे चार ही मांडणी भारतात रुजवण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. ब्राझीलने ती १९५८ च्या विश्वचषकात जगाला दाखवली, आणि आपण ती त्याआधी खेळलो की नंतर यावर काहीजण अजूनही हिरीरीने वाद घालतात. त्या वादात मला फारसा रस नाही. हैदराबादच्या एका शाळामास्तराला बुडापेस्टच्या मैदानावरचे गणित कळले आणि ते त्याने आपल्या भाषेत सोपे करून सांगितले, हेच मला पुरेसे आहे.

चार वर्षांनी मेलबर्न ऑलिंपिक. कर्णधार समर बॅनर्जी. संघात अझीझुद्दीन, लतीफ, नूर महंमद, सलाम, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, बलराम अशी हैदराबादची फौजच होती, आणि त्यावरून कुरकूर झाली नसती तरच नवल. पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी होती. पण त्याच सुमारास सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले आणि हंगेरीचा फुटबॉल संघ स्पर्धेत आलाच नाही. भारताला पुढे चाल मिळाली. म्हणजे उपांत्य सामन्यासाठी आपल्याला एकच सामना जिंकावा लागला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तो सामना खुद्द यजमान ऑस्ट्रेलियाशी होता. १ डिसेंबर १९५६ रोजी भारताने तो ४–२ असा जिंकला आणि त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे होते. नेव्हिल मूळचा गोव्याच्या आसगावचा आणि मुंबईत टाटांच्या संघातून खेळणारा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तीन गोलांची हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. हा विजय म्हणजे नशिबाचा खेळ असे कोणाला वाटत असेल, तर स्पर्धेनंतर थोड्याच दिवसांनी सिडनीत याच दोन देशांचा पुन्हा सामना झाला आणि तो भारताने ७–१ असा जिंकला, एवढे सांगून पुढे जातो.

उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. दहा गोलांचा तोच वैरी. मध्यंतरापर्यंत गोल नाही. आणि ५२ व्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला! चार वर्षांपूर्वी ज्यांनी आपल्याला धुळीस मिळवले त्यांच्यावर भारत १–० ने पुढे. ही आघाडी दोन मिनिटे टिकली. युगोस्लाव्हियाने अकरा-बारा मिनिटांत तीन गोल केले, चौथा आपल्याच खेळाडूच्या पायाला लागून आत गेला. ४–१. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३–० ने हरवले आणि भारत चौथा आला. पदक नाही. तरीही ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य सामन्यात पोहोचलेला भारत हा पहिला आशियाई देश होता.

बलरामविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. तुळसीदास बलराम सिकंदराबादजवळच्या एका गरीब कुटुंबातला मुलगा. रहीमसाहेबांनी त्याचा खेळ पाहिला आणि सरावाला बोलावले. घरची परिस्थिती अशी की सरावाला यायचे कसे हाच प्रश्न. तेव्हा भाड्याच्या सायकलीचे पैसे रहीमसाहेबांनी आपल्या खिशातून दिले. हाच मुलगा पुढे १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये हंगेरीविरुद्ध आणि पेरूविरुद्ध गोल करून आला. रोममध्ये आपण हंगेरीकडून केवळ २–१ ने हरलो, पी. के. बॅनर्जींच्या गोलमुळे फ्रान्सशी १–१ अशी बरोबरी केली, पेरूकडून ३–१ असे हरलो आणि गटातच बाद झालो. पण फ्रान्स आणि हंगेरी यांच्याशी बरोबरीच्या नात्याने खेळणारा तो संघ आठवला की हेलसिंकीपासून आठ वर्षांत किती मजल मारली होती याची कल्पना येते. त्या संघात रहीमसाहेबांचा मुलगा सय्यद शाहिद हकीमही होता. तीन सामने झाले, तिन्ही सामन्यांत तो बाहेर बसून राहिला. वडील प्रशिक्षक असूनही त्याला एकही सामना मिळाला नाही. वशिल्याची एवढी सोय हाताशी असताना ती न वापरणे आपल्याकडे वेडेपणात जमा होईल.

१९६२ मध्ये जाकार्ताला आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या तेव्हा रहीमसाहेब त्रेपन्न वर्षांचे होते आणि प्रकृती ढासळत चालली होती. फुफ्फुसाच्या कर्करोगाने शरीर पोखरायला घेतले होते. तिथले वातावरण तर त्याहून वाईट होते. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. या स्पर्धांचे एक जनक असलेले भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी त्याला विरोध केला आणि या स्पर्धांना आशियाई क्रीडास्पर्धा हे नावच देता येणार नाही अशी भूमिका घेतली. जाकार्तात लोक खवळले, भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. या सगळ्याचा राग निघाला तो बिचाऱ्या खेळाडूंवर. भारताचा सामना असला की प्रेक्षागारातून हुर्यो ठरलेली.

त्यात पहिलाच सामना आपण दक्षिण कोरियाकडून २–० ने हरलो. थायलंडला ४–१ ने हरवले, पण त्या सामन्यात संघाचा आधारस्तंभ, बचावपटू जर्नेल सिंग याच्या डोक्याला जबर मार बसून टाके पडले. जपानला २–० ने हरवून आपण उपांत्य फेरीत आलो. आता जर्नेलला खेळवायचे की नाही? टाके घातलेल्या डोक्याने बचावात उंच चेंडू परतवत राहणे धोक्याचे. तेव्हा रहीमसाहेबांनी एक धाडस केले. देशातल्या सर्वांत भक्कम बचावपटूला त्यांनी उचलून आघाडीच्या फळीत नेऊन उभे केले. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध जर्नेलने गोल केला, कर्णधार चुनी गोस्वामीने दोन केले आणि भारत ३–२ ने जिंकला. इथे कोणी मला म्हणेल, ही जादू नाही तर काय? माझे उत्तर असे की ज्या मास्तराने वीस वर्षे मुलांना कच्च्या पायाने खेळायला लावले, त्याला बचावपटूच्या अंगातला आघाडीचा खेळाडू दिसला यात नवल नाही.

अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरिया. १९५६ आणि १९६० असे दोन्ही आशिया चषक जिंकलेला, आणि नुकताच आपल्याला हरवलेला संघ. त्या संघातले खेळाडू पुढे अनेक वर्षे सांगत की आदल्या रात्री रहीमसाहेबांनी सगळ्यांना जवळ घेतले, आपल्या मृदू उर्दूत ते बोलले आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला भेट म्हणून सुवर्णपदक द्यावे एवढेच मागितले. त्यांच्या आजाराची कुणकुण खेळाडूंना होती. मागणाऱ्याकडे पाहून मागण्याचा अर्थ कळला असणार.

४ सप्टेंबर १९६२. सेनायनचे मैदान, सुमारे एक लाख प्रेक्षक आणि जवळजवळ सगळे विरुद्ध बाजूचे. असे सांगतात की त्या गर्दीत भारताच्या बाजूने ओरडणारी एक टोळी होती, ती पाकिस्तानच्या हॉकी संघाची. तापातून उठलेला उंचापुरा थंगराज गोलमध्ये परत आला होता. मधल्या फळीत गोव्यात जन्मलेला आणि मुंबईत वाढलेला फोर्तुनातो फ्रँको होता. १७ व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला. तीनच मिनिटांनी दुसरा गोल झाला, आणि तो होता टाके घातलेल्या जर्नेलचा. कोरियाने एक गोल फेडला तो अगदी शेवटी. २–१. भारताला सुवर्णपदक मिळाले.

या विजयाचे कौतुक व्हायला फारसा वेळ मिळाला नाही. २० ऑक्टोबरला चीनचे आक्रमण झाले आणि देशाचे लक्ष हिमालयाकडे लागले. रहीमसाहेब अंथरुणाला खिळले. ११ जून १९६३ रोजी ते गेले.

त्यांच्यानंतर भारताने १९६४ च्या आशिया चषकात दुसरा क्रमांक मिळवला, तो मुख्यतः त्यांनीच घडवलेल्या पिढीच्या बळावर. पण शाळा मास्तरांबरोबरच बंद झाली होती. ती बुटक्या मुलांची स्पर्धा, ती कच्च्या पायाची स्पर्धा देशभर नेण्याचे कोणाच्या मनात आले नाही. त्यांच्या पद्धतीचे पाठ्यपुस्तक कोणी लिहून ठेवले नाही, त्यांच्या वह्या जपल्या गेल्या असे कोणी सांगत नाही. फुटबॉल महासंघाला पुढे परदेशी प्रशिक्षक आणायला पैसे मिळाले, परंतु हैदराबादच्या गल्लीतली ती व्यवस्था सांभाळायला माणूस मिळाला नाही. याचा मला मनापासून राग येतो. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ साली, म्हणजे रहीमसाहेबांच्या मृत्यूनंतर २२ वर्षांनी. त्यांचा मुलगा हकीम वायुसेनेत अधिकारी झाला, आंतरराष्ट्रीय पंच झाला, स्वतःही प्रशिक्षक झाला. त्याला २०१७ मध्ये ध्यानचंद पुरस्कार मिळाला, २०२१ मध्ये तो वारला. पी. के. आणि चुनी २०२० साली गेले, बलराम २०२३ साली.

१९६० नंतर भारत ऑलिंपिक फुटबॉलला पुन्हा पात्र ठरलेला नाही. आशियाई स्पर्धेत १९७० साली बँकॉकला भारताला कांस्यपदक मिळाले. त्या संघाचा कर्णधार सय्यद नईमुद्दीन, हैदराबादचा, रहीमसाहेबांच्या पोलीस संघातून पुढे आलेला. त्यानंतर त्या स्पर्धेत फुटबॉलचे पदक आजतागायत आपल्या वाट्याला आलेले नाही.